मसुदा माझा, मत त्यांचं

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मी विधिमंडळासाठी विधेयकांचे मसुदे लिहिते. आमदार कुठल्याही पक्षाचा असो, नवा कायदा करायचा, असलेला बदलायचा किंवा पार रद्द करायचा असेल तर त्याची विनंती आमच्याकडे येते. कार्यालयाचं नाव लेजिस्लेटिव्ह रेफरन्स ब्यूरो. इथं सगळे एलआरबी म्हणतात. मॅडिसन शहराच्या मधोमध, दोन तळ्यांच्या बेचक्यात, ग्रॅनाइटच्या घुमटाचं विधानभवन आहे आणि त्याच्यासमोरचा रस्ता ओलांडला की आम्ही. सकाळी रिपब्लिकन आमदारासाठी एखादा कर कमी करणारा मसुदा लिहायचा आणि दुपारी डेमोक्रॅट आमदारासाठी तोच कर वाढवणारा, असे दिवस नेहमीचेच. एकाला दुसऱ्याच्या मसुद्याची कुणकुण लागू द्यायची नाही, आणि दोन्ही मसुदे उद्या कोर्टात टिकतील इतके पक्के करून द्यायचे.

माझे मामा जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले. सरकारी कागद कसा फिरतो हे त्यांना पक्कं ठाऊक. मी नोकरीबद्दल सांगितलं तेव्हा त्यांनी फोनवर पहिलाच प्रश्न टाकला.

“अगं, पण तू नक्की कुणाच्या बाजूची?”

“जो विचारायला येईल त्याच्या, मामा.”

“आणि उद्या त्याच्या विरोधातला आला तर?”

“त्याच्याही.”

“असं कसं चालेल? शेवटी पगार कोण देतं?”

शंका रास्त होती. आपल्याकडे विधेयक म्हणजे बहुतेक वेळा सरकारचं विधेयक. मंत्रालयातला विधी व न्याय विभाग मसुदा तयार करतो आणि मंत्री तो सभागृहात मांडतात. आमदार-खासदाराने स्वतःहून आणलेलं अशासकीय विधेयक मंजूर होणं दुर्मीळ. संसदेत तर 1970 नंतर असं एकही विधेयक मंजूर झालेलं नाही. विस्कॉन्सिनमध्ये गव्हर्नर, म्हणजे राज्य सरकारचा प्रमुख, लोकांनी थेट निवडलेला असतो, पण तो सभागृहात बसत नाही. विधेयकं आणतात ते आमदार आणि समित्या. सिनेट आणि असेंब्ली ही दोन सभागृहं, सिनेटचे 33 आणि असेंब्लीचे 99 सदस्य, यांतल्या प्रत्येकाला आमच्याकडे मसुदा मागायचा हक्क आहे. अल्पमतातल्या, पहिल्यांदाच निवडून आलेल्या आमदारालाही सभापतींच्याच तोलाचा वकील मिळतो. पगार विधिमंडळ देतं, म्हणजे दोन्ही पक्ष मिळून देतात, असं मी मामांना सांगितलं. त्यांचं पूर्ण समाधान झालं नाही, पण तेव्हापासून दर फोनला ते “आज कुणाचं काम?” असं विचारतात आणि मी दर वेळी “सांगता येत नाही” म्हणते.

पुण्यात आयएलएसमधून कायद्याची पदवी घेतली, काही काळ जिल्हा न्यायालयात सिनिअरांच्या हाताखाली काढला आणि लग्नानंतर मॅडिसनला आले. इथल्या विद्यापीठात पुन्हा जेडी, म्हणजे इथली कायद्याची पदवी, केली. विस्कॉन्सिनमधल्या दोन विधी महाविद्यालयांतून पदवी घेतली की सनदेसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही. अशी सोय देशात याच राज्याने जपली आहे, आणि ती माझ्या पथ्यावर पडली. एलआरबीच्या मुलाखतीत एका कल्पित आमदाराची चार ओळींची विनंती समोर ठेवली आणि म्हणाले, मसुदा नको, आधी तुम्ही त्याला काय काय विचाराल ते लिहा. या कामाचं मर्म त्या एका वाक्यात होतं, हे नोकरीत मुरल्यावर कळलं.

आलेली खरी विनंती मी इथं सांगू शकत नाही, गोपनीयतेचं बंधन कायद्यानेच घातलेलं आहे. म्हणून तशाच जातीची एक रचून सांगते. समजा, आमदाराच्या सहायकाचा ईमेल आला: शाळेजवळ ई-सिगारेट विकायला बंदी करणारं विधेयक हवं. वाचायला किती सोपं! आता बसा कीस काढत. शाळा म्हणजे कोणती? सरकारी, खासगी, बालवाडी? घरीच मुलांना शिकवणारं कुटुंब शाळेत धरायचं का? विद्यापीठ? जवळ म्हणजे किती फूट, आणि मोजायचं कुठून कुठं: इमारतीच्या भिंतीपासून की आवाराच्या कुंपणापासून, दुकानाच्या दारापर्यंत की दुकान असलेल्या जागेच्या हद्दीपर्यंत? आज जे दुकान तिथं आहेच त्याचं काय करायचं? आणि दुकान आधीचं, शाळा नंतर आली, तर? दंड काउंटरवरच्या पोराला की मालकाला? शहराला याहून कडक नियम करायची मुभा ठेवायची की काढून घ्यायची? अंमल कधीपासून? काहीच लिहिलं नाही तर इथला कायदा प्रसिद्ध झाल्याच्या दुसऱ्या दिवशी लागू होतो, म्हणजे दुकानदाराला माल हलवायलाही वेळ मिळणार नाही.

दंडाच्या प्रश्नापाशी मी नेहमी जास्त वेळ थांबते. विस्कॉन्सिनमध्ये पैशाच्या स्वरूपातली शिक्षा दोन प्रकारची आहे. ‘फोर्फीचर’ लिहिलं तर ती दिवाणी स्वरूपाची. ज्या कृत्याला तेवढीच शिक्षा आहे ते कृत्य गुन्हाच ठरत नाही. ‘फाइन’ लिहिलं तर तो फौजदारी मामला, आणि माणसाच्या नावावर गुन्ह्याची नोंद. सहायकाने ईमेलमध्ये सरसकट ‘फाइन’ लिहिलेलं असतं, कारण बोलताना सगळे तोच शब्द वापरतात. मी तो तसाच उचलून मसुद्यात ठेवला तर एकोणीस वर्षांच्या दुकानातल्या मुलाला गुन्हेगार ठरवण्याचा निर्णय कुणीच न घेता होऊन जाईल. म्हणून फोन करायचा. “दंड हवा ते कळलं, पण हा गुन्हा ठरावा असं तुमच्या आमदारांना वाटतं का?” पलीकडे जरा शांतता, मग “विचारून सांगतो.” कधी उत्तर येतं नको, कधी येतं हो, हवंच. दोन्ही उत्तरं मला चालतात. विचारल्याशिवाय लिहिणं मात्र चालत नाही.

प्रश्न विचारण्याची रीत शिकायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. प्रश्नातच उत्तर दडवता येतं. “एवढा कडक दंड तुम्हाला खरंच हवा का?” असं विचारलं की मी माझं मत घुसडलं. तेच “दंडाचे हे दोन प्रकार आहेत, पहिल्याने हे होतं, दुसऱ्याने हे, कोणता हवा?” असं विचारलं की निर्णय ज्याचा त्याच्याकडे राहतो. सहायकही कधी कधी ताकाला जाऊन भांडं लपवतात. विनंती गुळगुळीत असते आणि मनात असतो एखाद्या गावातला एकच तंटा, एकच कारखाना, एकच नदीचा बंधारा. मग हळूहळू विचारत जावं लागतं: हे घडलं कुठं? आज काय अडतंय? कायदा झाल्यावर सोमवारी सकाळी कोणी काय वेगळं करायला हवं? हा शेवटचा प्रश्न मला एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी शिकवला. तो विचारला की निम्म्या विनंत्या आपोआप स्वच्छ होतात, आणि काहींना नव्या कायद्याची गरजच नाही हेही उघड होतं, कारण हवं ते कलम आधीपासूनच पुस्तकात असतं.

हे कार्यालय ज्याने उभं केलं तो चार्ल्स मॅकार्थी, आयरिश स्थलांतरित आईवडिलांचा मुलगा. 1901 मध्ये त्याने इथं आमदारांसाठी संदर्भ ग्रंथालय सुरू केलं. कंपन्यांच्या दिमतीला पगारी वकील असतात, लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला मात्र मसुदा करून द्यायला कुणी नसतं, ही त्याची तक्रार होती. शेतकरी, दुकानदार, शिक्षक निवडून येत आणि विधेयक कसं लिहायचं इथंच अडत. 1911 च्या अधिवेशनात राज्याचा आयकर आणि कामगारांच्या अपघात भरपाईचा कायदा झाला, देशभर त्यांचं अनुकरण झालं. मला मॅकार्थीबद्दल मनापासून आदर वाटतो. लोकशाहीत मत देण्याचा हक्क आपण मोजतो. ते मत कायद्याच्या भाषेत उतरवणारा माणूस सगळ्यांना सारखा मिळावा, हा हक्क कुणी मोजत नाही.

आता खरी परीक्षा कुठं होते ते सांगते. एका मसुद्यात माझ्यासारख्या परदेशातून आलेल्या लोकांवर परिणाम करणारी तरतूद होती. कुणाची, कधीची, हे सांगणार नाही. मला ती पटत नव्हती. मतदार म्हणून मी तिच्या विरोधात असते. लिहिता लिहिता लक्षात आलं की विनंती जशी आली आहे तशीच लिहिली तर एक पळवाट राहते. व्याख्येत एक वर्ग सुटत होता, आणि तो सुटला की अर्धा कायदा निकामी. सहायकाला ते दिसलं नव्हतं. मला दिसलं होतं. त्या संध्याकाळी मी उशिरापर्यंत बसले. मग मसुद्याला जोडायची टिपण लिहिली. ड्राफ्टर्स नोट म्हणतात तिला, मसुद्यासोबत जाते. त्यात सरळ लिहिलं: या व्याख्येतून अमुक लोक सुटतात, तसा हेतू नसेल तर पुढील शब्द घालता येतील. आणि ते शब्द लिहून दिले.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, गप्प का? त्यालाही सांगता येत नव्हतं. पण मनाशी हिशोब मांडला होता. त्या आमदाराला हजारो लोकांनी निवडून दिलंय, मला कुणीही नाही. मी ती फट मुद्दाम ठेवली असती तर कुणालाही न कळता एका खोलीत बसून मी त्या लोकांचं मत रद्द केलं असतं. आणि उद्या माझ्या मनासारखा मसुदा दुसऱ्या कुणी तसाच पोखरला तर मला तक्रारीला तोंड उरलं नसतं. त्या विधेयकाविरुद्ध बोलणारे आमदार सभागृहात होते, सुनावणीला येणारे नागरिक होते, कोर्ट होतं. तो त्यांचा लढा. एखादी तरतूद घटनेच्या कसोटीवर टिकणार नाही असं वाटलं तर तेही आम्ही नोटमध्ये कारणांसह लिहितो. तरीही हवंच असेल तर मसुदा देतो.

बाहेर वावरतानाही बंधनं आहेतच. निवडणुकीच्या दिवसांत मॅडिसनमध्ये घरोघरी अंगणात उमेदवारांच्या पाट्या लागतात. आमच्या अंगणात लागत नाही. देणगी नाही, प्रचार नाही, पक्षाच्या अर्जावर सही नाही. मत मात्र देते. या राज्यात मतदार नोंदणी पक्षवार होत नाही, त्यामुळे ते माझ्यापाशीच राहतं.

प्रत्येक विधेयकाच्या वर आम्ही साध्या भाषेत सारांश लिहितो, ‘लेजिस्लेटिव्ह रेफरन्स ब्यूरोचं विश्लेषण’ म्हणून तो छापला जातो. बातमीदार, शाळेचे संचालक, गावातले लोक बहुतेक तेवढंच वाचतात. त्यात ‘दिलासा’, ‘संरक्षण’, ‘सुधारणा’ असले शब्द येऊ द्यायचे नाहीत. आज कायदा काय आहे आणि विधेयकाने तो काय होईल, एवढंच. मला हे दोन परिच्छेद खुद्द कलमांपेक्षा अवघड वाटतात. समर्थक आणि विरोधक दोघांनीही वाचून “हो, असंच आहे” म्हणायला हवं.

विस्कॉन्सिनच्या मसुदाकाराला आणखी एक धास्ती असते, ती बाकी राज्यांतल्या सहकाऱ्यांना सांगितली तर त्यांना खरी वाटत नाही. 1930 च्या घटनादुरुस्तीने इथल्या गव्हर्नरला खर्चाची तरतूद असलेलं विधेयक अंशतः नाकारता येतं. अंशतः म्हणजे किती? एकेकाळी शब्दांतली अक्षरं खोडून नवे शब्द तयार केले जात. 1990 मध्ये मतदारांनी ते बंद केलं. मग दोन-तीन वाक्यांचे तुकडे जोडून नवं वाक्य करायची रीत आली. 2008 मध्ये तीही बंद झाली. अंक मात्र राहिले. 2017 मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी ‘डिसेंबर 31, 2018’ या तारखेतले मोजके अंक आणि स्वल्पविराम खोडले, उरलं ‘डिसेंबर 3018’. 2023 मध्ये डेमोक्रॅट गव्हर्नर टोनी एव्हर्स यांनी अर्थसंकल्पात ‘2023–24 शैक्षणिक वर्ष आणि 2024–25 शैक्षणिक वर्ष’ या मजकुरातले शब्द, एक चोवीस, एक वीस आणि एक आडवी रेघ खोडली. उरलं ‘2023–2425’. शाळांना विद्यार्थ्यामागे दर वर्षी 325 डॉलर जास्त उभे करायची दोन वर्षांची मुभा चारशे वर्षांची झाली. एप्रिल 2025 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी ते वैध ठरवलं.

या दोन्ही निर्णयांवर माझं काय मत आहे हा इथला विषय नाही. काम म्हणून सांगते: तेव्हापासून तारीख लिहिताना हात थबकतो. प्रत्येक अंक झाकून उरलेलं वाचून पाहायचं. वर्षं शेजारी शेजारी ठेवायची की वेगवेगळ्या पोटकलमांत? आकड्यात की अक्षरी? ‘नाही’ हा शब्द असा ठेवायचा की तो एकटा खोडला तरी वाक्य उलटू नये. आणि मुळात खर्चाची तरतूद याच विधेयकात हवी का, हे आमदाराला विचारायचं. कारण ती नसेल तर अंशतः नाकारण्याचा अधिकार लागूच होत नाही. वाचन शिक्षणाच्या निधीसंबंधीच्या एका विधेयकावर जून 2025 मध्ये त्याच न्यायालयाने एकमताने नेमकं हेच सांगितलं: या विधेयकात प्रत्यक्ष पैसा बाजूला काढलेला नाही, म्हणून ते अंशतः नाकारता येणार नाही. एक निकाल गव्हर्नरच्या बाजूने, दुसरा विधिमंडळाच्या, आणि दोन्हींचं मूळ मसुद्याच्या रचनेत. धोका समजावून सांगणं माझं काम. पत्करायचा की नाही, ते मागणाऱ्याने ठरवायचं.

दर विषम वर्षी अर्थसंकल्प येतो, दोन वर्षांचा एकदम. तेव्हा महिनेच्या महिने दुसरं काही सुचत नाही. संयुक्त अर्थ समितीचे सोळा सदस्य ठराव मंजूर करत जातात आणि आम्ही ते ठराव कलमांत उतरवत जातो. सभागृहातल्या चर्चेच्या रात्री सगळ्यांत तापदायक. सभागृहातून फोन येतो, दुरुस्ती हवी, वीस मिनिटांत. घाईतही क्रम सोडायचा नाही: विचारायचं, लिहायचं, दुसऱ्या वकिलाला दाखवायचं, संपादकांकडे द्यायचं. आमच्या संपादकांबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. खोडलेले शब्द रेघेने आणि नवे शब्द अधोरेखित दाखवायचे असतात, एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तर चालू कायदाच बदलतो. रात्री अकराला डोळे तारवटलेले असताना “या पोटकलमाचा क्रमांक गेल्या महिन्यातल्या कायद्याने बदललाय” असं शांतपणे सांगणारी माणसं ती. त्यांचं नाव कुठंच छापलं जात नाही. आमचंही नाही, पण आम्हाला निदान आमदार ओळखतात.

विधेयक मांडलं गेलं की गोपनीयतेचा पडदा उठतो आणि त्याची फाइल लोकांना खुली होते: विनंतीचा ईमेल, माझे प्रश्न, त्यांची उत्तरं, आधीचे मसुदे. 1927 पासूनच्या अशा फायली जतन केलेल्या आहेत. 2015 च्या जुलैमध्ये अर्थ समितीच्या एका ठरावात या फायली बंद करण्याची तरतूद आली होती. दोन दिवसांत ती मागे घेतली गेली. जुनी फाइल मी नेहमी उघडते. एखाद्या कलमात विचित्र शब्द दिसला, कापून टाकावासा वाटला, की आधी फाइल बघायची. बहुतेकदा पन्नास वर्षांपूर्वीच्या कुणीतरी तिथं लिहिलेलं असतं की हा शब्द का घातला, कुठल्या गावातल्या कुठल्या विहिरीसाठी. मग तो शब्द राहतो.

दोन वर्षांच्या सत्रात दोन हजारांच्या आसपास विधेयकं मांडली जातात, कायदा होतो दोन-तीनशेंचा. म्हणजे मी लिहिलेलं बहुतेक सगळं कायद्याच्या पुस्तकात जातच नाही. वाईट वाटतं का, असं मला विचारतात. वाटतं, विशेषतः अल्पमतातल्या आमदाराने कळवळून मागितलेलं आणि समितीत सुनावणीलाही न आलेलं विधेयक असलं की. पण मांडलेला मसुदा मरत नाही. एक उदाहरण तपशील बदलून सांगते. ग्रामीण भागातल्या रुग्णवाहिका सेवेबद्दलचं एका पक्षाच्या आमदाराचं विधेयक असंच पडून राहिलं होतं. परवा दुसऱ्या पक्षाच्या आमदाराने तोच विषय जाहीरपणे हाती घेतला. त्याच्या सहायकाने ईमेलमध्ये जुना क्रमांक आणि एकच ओळ लिहिली आहे: हेच हवं, फक्त तारखा बदला. तारखा बदलल्या आहेत. मधल्या काळात परवान्यांच्या कलमात दुरुस्ती झाली, त्यामुळे स्वयंसेवक चालकांचा एक गट नव्याने व्याख्येबाहेर पडतोय. त्यावर दोन प्रश्न लिहून पाठवलेत; उत्तर आलं की पुढचा मसुदा.